आजाऱ्याची गाठ

खोकं घ्यायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परतायचं, एवढंच काम होतं. बाईंनी सकाळी कुंड्यांना पाणी घातलं, शेजारणीकडे किल्ली ठेवली, पिशवीत पाण्याची बाटली आणि चष्म्याची डबी टाकली आणि त्या शहरात आल्या. वार मंगळवार होता, ऊन लख्ख होतं. भिण्यासारखं त्या दिवशी काही नव्हतं, आणि बाईंच्या मनात भीतीला जागाही नव्हती. पाच आठवडे तिथं दुसरंच काहीतरी मुक्काम ठोकून होतं. ते रडण्यासारखं दिसत नसे, म्हणून भेटायला येणारे म्हणत, बाई मोठ्या धीराच्या. धीर कसला? राग होता तो. राखेखालच्या निखाऱ्यासारखा, वरून हात लावला तर गार, आणि कुठं नेऊन टाकावा हे कळत नाही.

सव्वीस वर्षं त्यांनी एका मोठ्या रुग्णालयाचं कपडेखातं सांभाळलं होतं. तिथं त्यांना सगळे चादरवाल्या बाई म्हणत. डॉक्टर माणूस बघतात, बाई चादर बघायच्या. तापाचा घाम कुठला आणि भीतीचा कुठला, औषध सांडलंय की पोटातून परत आलंय, रक्त आजचं की कालचं, हे त्यांना घडी उलगडताच कळे. आणि एक डाग असा होता, जो त्यांनी एवढ्या वर्षांत चारदाच पाहिला. माणूस गेल्यावर त्याला कुणी वेळेवर उचललंच नाही, की चादरीवर त्याची पाठ उमटते. मध्ये फिकट, कडेला गडद तपकिरी. खांदे, कंबर, टाचा. तो डाग धुऊन जात नाही. तशी चादर बाई स्वतः भट्टीत टाकत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

पाचवा डाग त्यांनी पाच आठवड्यांपूर्वी पाहिला. चादर त्यांच्याच घरची होती. निळी, एका कोपऱ्यात त्यांनीच घातलेलं ठिगळ. मुलीला नोकरी लागली तेव्हा तिनं हट्टानं तीच नेली होती. गादी त्यांची असू दे, म्हणाली होती, पण चादर माझी.

मुलीला घरात ठकू म्हणत. अठ्ठावीस वर्षांची झाली तरी ठकूच.

ठकू राहायची ती इमारत बावीस मजल्यांची होती. सगळ्यांनी मिळून राहायची जागा, असं तिच्या जाहिरातीत म्हटलं होतं. प्रत्येकाला एकेक खोली, तीत पलंग, टेबल आणि आंघोळीपुरता कोपरा. स्वयंपाकघर आणि बसायची खोली मात्र मजल्यावरच्या सगळ्यांची एक. चारशे माणसं. दर्शनी भिंतीवर माणसाच्या उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं: इथं कुणीच एकटं नसतं. पहिल्या दिवशी ठकूनं त्या भिंतीपुढं उभं राहून फोटो काढून पाठवला होता. आज बाईंनी त्याच भिंतीपुढून जाताना मान वळवली नाही.

स्वागताच्या टेबलाशी एक मुलगी होती, ठकूपेक्षाही लहान. तिनं बाईंना काकू म्हटलं, पाणी दिलं आणि मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर पस्तिशीचा, गोड बोलणारा, फिकट हिरव्या शर्टातला. तो याच इमारतीत सहाव्या मजल्यावर राहायचा. नोकरीबरोबर खोली मिळाली होती. त्यानं हात जोडले, आवाज खाली आणला, फार वाईट झालं ताई, म्हणाला. हे वाक्य त्यानं फोनवर म्हटलं तेव्हाही त्याचा आवाज नेमका एवढाच खाली आला होता.

मग त्यानं एक कागद पुढं केला. मुलीच्या सामानाचं खोकं मिळाल्याची पोच, म्हणाला, फक्त सही करायची. बाईंनी चष्मा लावला आणि तो सगळा वाचला. मॅनेजरला ते अपेक्षित नसावं. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, की सदर रहिवासी तेरा तारखेपर्यंत सक्रिय असल्याची नोंद आहे आणि याबाबत नातेवाइकांची कोणतीही हरकत नाही.

इथं तारखा सांगायला हव्यात, कारण बाईंचा सगळा जीव त्यांतच अडकला होता.

चार तारखेला, रविवारी, ठकूचा शेवटचा फोन आला. अंगात कणकण आहे म्हणाली. बाई म्हणाल्या, घरी ये. ती म्हणाली, जरा शिंक आली की घरी ये, जरा शिंक आली की घरी ये, मी काय बालवाडीत आहे का? शब्दानं शब्द वाढला. आता आठ-पंधरा दिवस फोन करू नकोस, मीच करेन, असं म्हणून तिनं ठेवून दिला. बाईंनी तो मान राखला. पण आईचं मन, सहा तारखेला त्यांनी मॅनेजरला फोन केला. तो म्हणाला, काळजी करू नका ताई, बऱ्या आहेत, आजच त्यांचे कपडे धुवायला खाली आलेत. तेरा तारखेला पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर आलं. आणि बाईंना ते पुरलं. सव्वीस वर्षं कपड्यांवरून माणसाची खुशाली ओळखणाऱ्या बाई. धुणं आलं म्हणजे माणूस उठलं, बसलं, अंगातलं बदललं, त्यांना वाटलं.

पंधरा तारखेला ठकूच्या खोलीचं, एकोणीस-सातचं, दार उघडलं. तेही कुणाला काळजी वाटली म्हणून नाही. एसीच्या जाळ्या साफ करायचा तो दिवस होता.

डॉक्टर म्हणाले, दहा दिवस तरी झाले असतील. बाईंना डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. त्यांनी चादर पाहिली होती. ती निळी चादर त्यांनी त्या अनोळखी रुग्णालयात हातापाया पडून मागून घेतली आणि स्वतःच्या हातानं भट्टीत टाकली. ठिगळ पेटताना पाहिलं. ठकूचा मोबाइलही त्यांना तिथंच मिळाला; शेवटच्या रात्री तिनं त्यावरून इमारतीकडे तीनदा मदत मागितली होती.

आणि हा कागद म्हणत होता, तेरापर्यंत सक्रिय. म्हणजे दहा दिवस कुणी दार वाजवलं नाही, असं काही घडलंच नव्हतं. ते दहा दिवस नाहीसेच.

“हे वाक्य खोटं आहे,” बाई म्हणाल्या. “ती पाच तारखेला गेली. पाच ते पंधरा कुणी तिच्या दारावर थाप मारली नाही, असं लिहा. मी सही करते.”

मॅनेजरनं खिशातलं पेन काढलं, जणू लिहिणारच होता. टोपण निघताच पेन गळलं आणि शाईचा टपोरा ठिपका खिशावर बसला. हा हा म्हणता बोराएवढा झाला. त्यानं जीभ चावली, नवा शर्ट हो, म्हणाला. मग घड्याळ बघितलं. चार वाजेपर्यंत बैठक आहे, नंतर शांतपणे बोलू, तोवर खोली बघायची असली तर बघून या. आणि रुमालानं खिसा चोळत तो गेला. चोळू नये, त्यानं शाई पसरते, हे बाईंच्या ओठांवर आलं होतं. सवय.

स्वागतातल्या मुलीनं त्यांना एकोणिसाव्या मजल्यावर नेलं. खोलीत ताज्या रंगाचा वास होता. नवी गादी, तिच्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. उद्यापासून इथं दुसरं कुणी येणार आहे, मुलगी अवघडून म्हणाली. दाराबाहेर भिंतीवर मुठीएवढं पांढरं यंत्र होतं, ते मध्येच फुस्स करून फुलांचा वास सोडायचं. बाईंनी विचारलं, हे सगळ्यांच्या दाराशी असतं का? मुलगी खाली बघून म्हणाली, नाही.

स्वयंपाकघरात सहा-सात जण होते. एकाच लांब टेबलाशी, प्रत्येक जण कानात आवाज कोंबून, आपापल्या ताटात बघत जेवत होता. कुणी कुणाकडे मीठसुद्धा मागत नव्हतं. त्यांतला एक शेजारच्या खोलीतला, एकोणीस-सहाचा. मुलीनं ओळख करून दिली तसा तो उठला. चांगल्या घरचा पोरगा दिसत होता. त्याला वास आला होता, त्यानं सांगितलं. आठ तारखेपासूनच. मोरी तुंबली असेल असं वाटलं, म्हणून मोबाइलवर तक्रार टाकली. दुसऱ्या दिवशी ते यंत्र लागलं आणि उत्तर आलं, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.

“तू दार का नाही वाजवलंस बाळा?”

“आमची ओळख नव्हती, काकू.”

मधली भिंत बोटभर जाड होती. बाई दाराकडे वळल्या. बोलल्या असत्या तर थांबता आलं नसतं.

खाली येताना त्यांनी विचारलं, धुवायला आलेले कपडे कुठंयत? खोक्यात काय काय आहे त्याची यादी मुलीजवळ होती. त्यात पुस्तकं होती, चपला होत्या, चहाचा कप होता, पण धुतलेले कपडे नव्हते. ते तळघरातच असतील, मुलगी म्हणाली, न्यायला कुणी आलं नाही तर कप्प्यात पडून राहतात. तिचा फोन वाजला म्हणून बाई एकट्याच जिना उतरल्या.

तळघराचा वास ओळखीचा होता. ओलं सूत, साबण, तापलेली इस्त्री. पाच आठवड्यांत पहिल्यांदा बाईंना आपण कुठं आहोत ते कळल्यासारखं झालं. तीन मोठी यंत्रं गरगरत होती आणि एक जाडजूड बाई टेबलाशी घड्या घालत होती. इमारतीत तिला इस्त्रीवाली म्हणत. आत येणाऱ्या परक्या बाईकडे तिनं संशयानं पाहिलं. पण बाईंनी काही न बोलता ढिगातली एक चादर उचलली, चारी कोपरे एका हातात घेतले आणि एका झटक्यात घडी घातली. इस्त्रीवालीनं इस्त्री उभी ठेवली.

“कुठल्या हास्पिटलात होता ताई?”

मग ओळख लागायला वेळ लागला नाही. त्या कोण, कशाला आल्या, हे कळलं तशी इस्त्रीवालीनं डोक्याला हात लावला आणि एक यंत्र बंद केलं. मग बोलत राहिली. तिला कधीपासून कुणाला तरी सांगायचंच असावं.

इथं मंगळवार म्हणजे धुण्याचा वार. सगळ्या इमारतीच्या पिशव्या त्या दिवशी खाली यायच्या आणि शनिवारपर्यंत धुऊन कप्प्यांत लागायच्या. प्रत्येक मजल्यावर जिन्याशेजारी भिंतीत एक झाकण होतं; ते उघडून पिशवी आत सोडली, की ती भिंतीतल्या रुंद नळातून घसरत तळघरातल्या पिंपात पडे. इथले लोक त्याला घसरगुंडी म्हणत. पिशवी पडली की तिच्यावरचा नंबर आपोआप वर मॅनेजर साहेबांच्या मोबाइलवर उमटायचा. पिशवी आली, म्हणजे माणूस ठीक.

साहेब एकदा खाली आले होते, इस्त्रीवाली म्हणाली, तेरा तारखेला. नाकाला रुमाल होता. एकोणीस-सातची पिशवी येतेय ना, एवढंच विचारलं. ती हो म्हणाली, आलीच होती. साहेब म्हणाले, मग झालं. आणि गेले.

“मी वर जायला पाहिजे होतं ताई,” ती म्हणाली. “मला वर जायची परवानगी नाही. पण जायला पाहिजे होतं.”

या इमारतीत हे म्हणणारी ती पहिलीच. बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला आणि पिशव्या दाखव म्हणाल्या.

कप्पा सापडला. त्यात पारदर्शक कागदात गुंडाळलेले दोन गठ्ठे होते, सहा तारखेचा आणि तेरा तारखेचा. पण आधी त्यांच्यावर ठेवलेल्या, रिकाम्या, कापलेल्या पिशव्यांकडे बाईंची नजर गेली. दोन्हींची नाडी कात्रीनं कापलेली होती आणि गाठ तशीच शिल्लक होती. इस्त्रीवालीनं तक्रार केली, ही कसली गाठ ताई, नखं तुटली पण सुटेना, शेवटी कात्री लावली.

दोन निरगाठी एकावर एक, आणि उरलेली दोरी सशाच्या कानासारखी वर काढलेली.

बाईंनी ती गाठ बोटांत धरली. ही त्यांच्या कपडेखात्यातली गाठ होती. आजाऱ्याची गाठ. आत संसर्गाचे कपडे आहेत, हातमोजे घाल, सांभाळून उघड, असं न लिहिता सांगणारी. वर काढलेला कान म्हणजे, माणूस अजून आत पडून आहे, आणखी कपडे येतील. ही गाठ बाहेरच्या जगात कुणाला ठाऊक नव्हती. ठकूला होती. लहानपणी तिला घरी ठेवायला कुणी नसे, तेव्हा ती कपड्यांच्या ढिगांमध्ये बसून बाहुलीच्या पिशव्यांना ती गाठ मारत बसायची.

“ही सहाची?” बाईंनी विचारलं. “आणि ही तेराची? नक्की?”

“मीच कापल्यात ना.”

पाच तारखेला ती गेली होती.

बाईंनी सहाचा गठ्ठा उघडला. झोपायचे कपडे, टॉवेल, उशीचा अभ्रा. घामाचे पिवळट डाग, मोठ्या तापाचे. मग तेराचा उघडला. आत एकच चादर होती. निळी. त्यांनी ती उलगडली आणि कोपरा शोधला. ठिगळ जागच्या जागी होतं, त्यांच्याच हातचे टाके. मध्ये फिकट, कडेला तपकिरी. खांदे. कंबर. टाचा. धुऊनसुद्धा.

हीच चादर त्यांनी स्वतः जाळली होती.

यंत्रं गरगरत होती. इस्त्रीवाली म्हणत होती, गंजाचे डाग असतील, मी दोनदा धुतली. बाईंच्या मनात भीतीच्या आधी दुसरी गोष्ट आली: पोर सांगत होती. मोबाइलवरून सांगून कुणी ऐकलं नाही, म्हणून जिकडून दरवाजा उघडा होता तिकडून सांगत होती. आईला कळेल अशा भाषेत. आणि ती भाषा येणारं एकुलतं एक माणूस फोनवर कपडे आले हे ऐकून निवांत झोपलं होतं.

त्याच वेळी भिंतीत आवाज झाला.

वरून, खूप वरून, काहीतरी घसरत येत होतं. घासत, मध्येच आपटत, थांबल्यासारखं होत, पुन्हा घासत. इतर पिशव्या सकाळीच येऊन गेल्या होत्या. इस्त्रीवालीनं वर बघितलं. आवाज संपायला एरवीपेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागला... मग पिशवी पिंपात पडली. मऊ आवाज झाला.

त्या पिशवीवर नंबर होता एकोणीस-सात.

“हा नंबर तर बंद केला होता,” इस्त्रीवाली कुजबुजली. “वर कुणी राहत नाही ताई... गादीचं प्लॅस्टिकपण काढलं नाही अजून...”

पिशवीच्या तोंडाशी दोन निरगाठी होत्या आणि वर सशाचा कान.

कात्री नको, बाई म्हणाल्या. त्यांनी कान डाव्या हातात धरला, उजव्या अंगठ्यानं खालची गाठ ढकलली आणि ती सुटली. तशीच सुटते, माहीत असेल तर. आतून फुलांचा वास आला, वरच्या त्या यंत्राचा, आणि त्याच्याखालून दुसरा.

पिशवीत एकच शर्ट होता. फिकट हिरवा.

इस्त्रीवालीला हायसं वाटलं. अहो, हा तर साहेबांचा, ती म्हणाली, चुकून या पिशवीत टाकला असेल. बाईंनी शर्ट टेबलावर पसरला. खिशावर शाईचा डाग होता, बोराएवढा. पण तो ताजा नव्हता. कडा निळसर होऊन फुटल्या होत्या, मध्ये तो विटला होता; महिनाभर जुना डाग असा दिसतो. दीड तासापूर्वी त्यांच्या डोळ्यांदेखत पडलेला डाग.

त्यांनी शर्ट उलटा केला.

पाठीवर मध्ये फिकट होतं आणि कडेला गडद तपकिरी. दोन्ही खांदे व्यवस्थित उमटले होते.

“यालाही गंज लागलाय बघा,” इस्त्रीवाली म्हणाली. “गरम पाण्यात घालू का?”

“नको. गरम पाण्यानं पक्का होतो.” बाईंचा आवाज कपडेखात्यातला होता. “राहू दे तसाच. आणि हे बघ, रात्रीपुरतं तरी कुणाला तरी इथं सोबतीला बोलाव.”

दोन्ही गठ्ठे त्यांनी आपल्या पिशवीत घातले. त्यासाठी सही लागते, इस्त्रीवाली म्हणाली, आणि मग स्वतःच म्हणाली, न्या ताई.

चार वाजता मॅनेजर आला. अंगात तोच शर्ट, खिशावर शाई, चोळून पसरलेली, अजून ओलसर. खोकं टेबलावर होतं आणि त्याच्यावर तो कागद. त्यानं रुमालानं नाक पुसलं, डोळे जरा लाल दिसत होते. बाईंनी विचारलं, बरं नाही का? काही नाही हो, तो म्हणाला, सकाळपासून जरा कणकण आहे, एसीनं होतं असं.

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. पस्तिशीचा माणूस. याचीही कुठं तरी आई असेल. एकटं झोपू नकोस, दाराला कडी लावू नकोस, दोन वाक्यं होती. बाईंनी ती मनात जुळवलीसुद्धा. पण आधी त्यांनी आपलं काम काढलं. सव्वीस वर्षांची शिस्त; आधी काम.

“ते वाक्य खोडा. पाच ते पंधरा कुणी दार वाजवलं नाही, एवढं लिहा. मला तुमच्याकडून बाकी काही नको.”

त्यानं समजूतदारपणे मान हलवली. ताई, माझ्या हातात असतं तर, म्हणाला. पण नोंद आहे. सहा तारखेला पिशवी आली, तेराला आली. पिशवी आली म्हणजे माणूस आहे, असंच आम्ही धरतो. नोंदीच्या बाहेरचं मी कसं लिहिणार?

“तिनं तीनदा मदत मागितली होती मोबाइलवरून. त्याची नोंद आहे?”

“त्या तक्रारी सोडवल्याची नोंद आहे.”

“कुणी सोडवल्या?”

“आपोआप सुटतात, ताई. चोवीस तासांत दुसरा मेसेज आला नाही तर.” मग तो पुढं झुकला आणि त्याचा आवाज पुन्हा तेवढाच खाली आला. “मनाला लावून घेऊ नका. पण खरं सांगू? माणसानं स्वतःच कुणाला तरी नीट हाक मारायला हवी. इतकी माणसं आहेत इथं.”

बाईंच्या ओठांवरची दोन वाक्यं तिथंच राहिली.

राखेखालचा निखारा आज पाच आठवड्यांनी उघडा झाला होता, आणि त्याला कुठं ठेवायचं ते त्यांना कळलं होतं. कुठंच नाही. नुसतं हातात धरून गप्प बसायचं. ही सगळी इमारत तसंच तर करत होती.

त्यांनी टेबलावरच्या पेनाला टोपण लावलं आणि कागद परत सरकवला.

“खोकं राहू द्या,” त्या म्हणाल्या. “जपा.”

तो हसला. हो हो, म्हणाला, गोळी घेतो आणि लवकर झोपतो.

बाई संध्याकाळच्या गाडीनं घरी आल्या. निळी चादर त्यांनी या वेळी जाळली नाही. कपाटात ठेवली आणि कपाट लावलं. बुधवारी त्यांना वाटलं, झालं ते बरं झालं. गुरुवारी वाटलं, सगळा मनाचा खेळ असेल. शुक्रवारी जेवण गेलं नाही. शनिवारी त्यांनी फोन हातात घेतला आणि ठेवला. रविवारी घेतला आणि ठेवला. राग कुठं गेला नव्हता. पण आता त्याच्या शेजारी दुसरं कुणीतरी येऊन बसलं होतं आणि रात्रंदिवस एकच विचारत होतं: तू दार का नाही वाजवलंस? आवाज अगदी मृदू होता. बाळा म्हणून विचारायचं.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता त्यांनी फोन लावला. स्वागतातल्या मुलीनं उचलला. आवाज ओळखून ती म्हणाली, काकू, खोकं पाठवायचं का? बाई म्हणाल्या, खोक्याचं जाऊ दे. साहेब कसे आहेत?

साहेबांना ताप होता, मुलगी म्हणाली. बुधवारपासून खोलीतच आहेत, खाली आले नाहीत. फोन उचलत नाहीत, झोपले असतील.

“कुणी बघून आलं?”

“काळजी करू नका काकू, बरे आहेत,” मुलगी म्हणाली. “आजच त्यांचे कपडे धुवायला खाली आलेत.”



“वर जा,” त्या म्हणाल्या. “आत्ता जा. दार वाजव, नाही उघडलं तर फोड. माझं ऐक पोरी. सहाव्या मजल्यावर जा.”

“खोली उघडायला मॅनेजरची परवानगी लागते, काकू.” हे बोलल्यावर तिचं तिलाच काहीतरी जाणवलं असावं. ती थांबली. मागून कुणीतरी तिला हाक मारत होतं. बाईंना तो आवाज ओळखू आला, इस्त्रीवालीचा होता, आणि इस्त्रीवालीला तर वर यायची परवानगी नव्हती. ती धापा टाकत काहीतरी सांगत होती. मुलीनं ऐकून घेतलं आणि फोन पुन्हा कानाला लावला. आता तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“काकू... मावशी विचारतायत, ती गाठ कशी सोडवायची? तुम्हाला येते म्हणे...”

“साहेबांच्या पिशवीची?”

“नाही,” मुलगी म्हणाली. “त्या म्हणतात, आज चारशेच्या चारशे पिशव्या तशाच बांधून आल्यात.”